मालकाचा ईमेल बीपीएमएन फाईलमध्ये कशाला?

वर्कफ्लो इंजिनवर (कामाच्या पायऱ्या क्रमाने चालवणारं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरतो: प्रोसेस कोणत्या खात्याची, जबाबदार कोण, किती दिवसांत उरकायची ही सगळी जादा माहिती बीपीएमएन फाईलमध्येच (प्रोसेसची आकृती ज्या स्टँडर्डप्रमाणे एक्सएमएलमध्ये मांडतात ती फाईल) भरा. कारणं चार. स्टँडर्डनेच तशी जागा दिलीय, व्हर्जन आपोआप जुळतं, सगळं एका जागी सापडतं आणि वेगळ्या टेबलाची कटकट वाचते. कॅमुंडा ७ या इंजिनवर बरीच वर्षं काढल्यावर मला यातलं अर्धंच पटतं.

स्टँडर्डचं आधी उरकतो. २०११ साली आलेल्या बीपीएमएन २.० मध्ये एक्स्टेन्शन एलिमेंट्स, म्हणजे जादा माहितीसाठी राखलेली जागा, आहेत हे खरंच. पण स्टँडर्ड फक्त डबा देतं, आत काय भरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कॅमुंडा ७ मध्ये त्यात कॅमुंडाच्या नेमस्पेसमधल्या (म्हणजे तिच्या खास नावांच्या) प्रॉपर्टीज बसतात, ८ मध्ये झीबी या तिथल्या इंजिनाच्या. म्हणजे इंजिन बदललं की प्रत्येक फाईल पुन्हा उघडणं आलं.

'व्हर्जन आपोआप जुळतं', इथेच खरी गोम आहे. कर्जमंजुरीच्या एका प्रोसेसमध्ये आम्ही जबाबदार अधिकाऱ्याचा ईमेल प्रॉपर्टी म्हणून भरला होता. मॅडमची बदली झाली. आम्ही एक ओळ बदलून फाईल डिप्लॉय केली, म्हणजे इंजिनात चढवली. डुप्लिकेट फिल्टरिंग चालू असेल तर जशीच्या तशी फाईल इंजिन पुन्हा घेत नाही, पण एक अक्षर जरी बदललं तरी त्याच्या लेखी ती नवी फाईल. व्हर्जन १६ चं १७ झालं, आकृतीतली एक रेघही न हलता. नवे अर्ज १७ वर गेले. आधी सुरू झालेले १६ वरच राहिले, कारण चालू इन्स्टन्स (इथे एकेक सुरू असलेला अर्ज) आपलं व्हर्जन सोडत नाही. आठवडाभर जुन्या अर्जांची स्मरणपत्रं बदली होऊन गेलेल्या मॅडमनाच जात होती! शेवटी इन्स्टन्स मायग्रेशन चालवून चालू अर्ज नव्या व्हर्जनवर हलवले, तेही एका ईमेलपायी. वर महिनाअखेरीच्या आढाव्यात प्रश्न आला, "१७ मध्ये असं काय बदललंत की वेळ वाढला?" काय सांगणार?

उलट, एखाद्या टास्कला कोणता फॉर्म उघडायचा, कोणत्या पायरीचा ऑडिट ठेवायचा, ही माहिती आकृतीबरोबरच जन्मते आणि तिच्याबरोबरच बदलते. ती फाईलमध्येच हवी. माणसांच्या बदल्यांनी बदलणारी माहिती तिथे नको, एवढंच माझं म्हणणं.

'एका जागी सापडतं' म्हणणाऱ्यांनी डेटाबेस उघडून बघावा. एक्सएमएल तिथे बाइट्सच्या रूपात पडलेलं असतं. 'वसुली खात्याच्या सगळ्या प्रोसेस दाखव' असं इंजिनाच्या क्वेरीला विचारताच येत नाही, कारण प्रॉपर्टीवर फिल्टर नाही. व्हर्जन टॅग (फाईलमध्ये आपणच दिलेलं व्हर्जनचं नाव) तेवढा कॉलममध्ये उतरतो. बाकीसाठी एकेक मॉडेल उघडून वाचत बसायचं. यावर उपाय म्हणून काहीजण इंजिनाच्या टेबलातच आपला कॉलम घुसडतात. पुढच्या अपग्रेड स्क्रिप्टला त्या कॉलमची खबर नसते, तेव्हा तो रस्ता नकोच.

राहिली वेगळ्या टेबलाची कटकट. ती आहे, नाकारत नाही. पहिल्या प्रयत्नात आम्ही प्रोसेस डेफिनिशनच्या (इंजिनात चढलेल्या प्रोसेसच्या एका व्हर्जनच्या) आयडीवर टेबल जोडलं आणि फसलो. तो आयडी 'की' (फाईलमधली प्रोसेसची ओळख), व्हर्जन आणि इंजिनाने दिलेला क्रमांक जोडून बनतो, आणि ६४ अक्षरांपुढे गेला तर नुसता क्रमांकच उरतो. चाचणीच्या सर्व्हरवरचा आयडी प्रत्यक्ष सर्व्हरवर जुळायचं कारणच नाही. व्हर्जनचा आकडाही भरवशाचा नाही, कारण चाचणीत डिप्लॉय जास्त वेळा होतं. आता आम्ही 'की' आणि टेनंटवर (एकाच इंजिनावरचा वेगळा ग्राहक किंवा विभाग) जोडतो, आणि व्हर्जननिहाय नोंद लागेल तिथे व्हर्जन टॅगवर.

फाईलमधल्या ज्या प्रॉपर्टीज शोधाव्या लागतात, त्या पार्स लिसनर (इंजिन फाईल वाचताना चालणारा आपला कोड) लावून त्याच टेबलात उतरवून घेतो. फक्त एक सांभाळा: सर्व्हर रीस्टार्ट झाला की डेफिनिशन पुन्हा पार्स होते आणि लिसनर पुन्हा धावतो. आमच्या पहिल्या लिसनरमध्ये नुसतं इन्सर्ट होतं, म्हणजे दर वेळी नवी नोंद पडायची, त्यामुळे सोमवारी सकाळी प्रत्येक प्रोसेस यादीत दोनदा दिसत होती.