टोमॅटोचा भाव बाजारात नाही, रोपवाटिकेत ठरतो

पावसाळा लागला की दरवर्षी तेच सुरू होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी भाजीचा हिशोब टाकतं, त्याखाली रागाच्या इमोजी, मग व्यापारी लुटतायत, शेतकऱ्यांची चांदी आहे, सरकार काय करतंय, असं दोन-तीन आठवडे चालतं आणि भाव उतरले की सगळे गप्प. भाव उतरले म्हणजे नक्की कुणाचं काय झालं हे विचारायला कुणी थांबत नाही. मी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजूला वाढलेय, माहेरी अजूनही टोमॅटो होतो, आणि आता पुण्यात राहते म्हणजे पिशवी घेऊन भाव विचारणारीही मीच. दोन्हीकडचं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय ते आज सविस्तर लिहितेय, पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा. आपण सगळे चुकीच्या महिन्यात भांडतो. जुलैत भाव बघून आरडाओरडा करण्यात अर्थ नाही कारण जुलैचा भाव एप्रिल-मेमध्येच ठरलेला असतो.

टोमॅटोचं गणित अगदी साधं आहे. रोपवाटिकेत ट्रेमध्ये कोकोपीटवर बी टाकलं की पंचवीस-तीस दिवसांत रोप तयार. शेतात लावल्यापासून पहिला तोडा यायला साधारण साठ ते सत्तर दिवस. पुढे दीड-दोन महिने दर तीन-चार दिवसांनी तोडे चालू. म्हणजे आज कुणी बी टाकलं तर त्याचा माल तीन महिन्यांनी तुमच्या ताटात. मधल्या काळात तुम्ही पैसे फेका नाहीतर मोर्चा काढा, झाड आपल्या वेळेनेच फळ देणार. कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत येते म्हणून तिचा भाव पटकन चढतो तसा पटकन उतरतोही. लिंबाला फुलापासून फळापर्यंत पाच-सहा महिने लागतात आणि उन्हाळ्यात हवी असतात ती लिंबं हस्त बहराची, त्यासाठी झाडाला पावसाळ्याच्या शेवटी ताण द्यावा लागतो म्हणजे पाणी तोडावं लागतं, नेमका तेव्हा पाऊस लांबला की ताण बसत नाही, बहर फुटत नाही आणि मग एप्रिलमध्ये एकेका लिंबाचा भाव ऐकून आपण कपाळाला हात लावतो. त्याचं कारण मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात घडून गेलेलं असतं. प्रत्येक पिकाचं घड्याळ वेगळं, आणि आपण सगळ्यांना एकाच भावफलकावर बघतो.

2023 साल आठवतंय का? मला ते विसरताच येत नाही. त्या वर्षी मे महिन्यात नाशिककडे आणि आमच्या जुन्नरकडे टोमॅटोला किलोला दोन-चार रुपये मिळत होते. वीस किलोचं क्रेट, त्याची तोडणी, गाडीभाडं, हमाली, एवढं वजा केलं की हातात काही राहत नाही, उलट खिशातून जातात. लोकांनी माल रस्त्यावर ओतला, काहींनी उभ्या प्लॉटात मेंढ्या सोडल्या. ज्यांचे प्लॉट अजून चालू होते त्यांनी फवारण्या बंद केल्या, कारण तीन रुपयांच्या मालाला औषध कोण मारणार? वरून उन्हाचा तडाखा आणि व्हायरस. मग पाऊस उशिरा आला, मुंबईत मान्सून पोचायला 25 जून उजाडला. आणि जुलैत एकदम माल गायब. शहरात दीडशे, कुठे दोनशे रुपये किलो. त्या महिन्यात देशाचा किरकोळ महागाई दर 7.44 टक्क्यांवर गेला आणि नुसत्या भाज्यांचा 37 टक्क्यांच्या वर.

आता सरकारने काय केलं बघा. जुलैच्या मध्यात एनसीसीएफ या ग्राहक सहकारी महासंघामार्फत दिल्लीत 90 रुपयांनी टोमॅटो विकायला सुरुवात केली, दोनच दिवसांत 80, मग 70, ऑगस्टमध्ये 50 आणि 40. ऑगस्टमध्येच संसदेत सांगितलं गेलं की नेपाळहून टोमॅटो आणतोय. हे सगळं चालू असताना आमच्या आणि नाशिकच्या पट्ट्यात काय चाललं होतं? रोपवाटिकांपुढे रांगा. दोन हजारांच्या पुढे गेलेलं क्रेट बघून ज्याने आयुष्यात टोमॅटो केला नाही त्यानेही बांबू-तार आणली. नाशिक जिल्ह्यात लागवड नेहमीच्या जवळपास दुप्पट झाल्याच्या बातम्या नंतर आल्या, नंतर म्हणजे भाव पडल्यावर. आणि सप्टेंबर उजाडला तेव्हा तेच क्रेट नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतच्या मार्केटात शंभर रुपयांच्या खाली. किलोला पाच रुपयेसुद्धा नाहीत. मे, जुलै, सप्टेंबर. पाच महिन्यांत तेच पीक दोनदा मातीमोल आणि एकदा सोन्याचं, आणि सोन्याचं झालं तेव्हा विकायला माल कितीजणांकडे होता? जुलैतले कोट्यधीश शेतकरी टीव्हीवर दाखवले गेले, ते खरेच होते, त्यांच्या कष्टाचं त्यांना मिळालं याचा मला आनंदच आहे. पण त्यांच्याकडे माल होता कारण बाकीच्यांचा मेमध्येच मोडला होता.

एकरी टोमॅटोला किती खर्च येतो हे शहरातल्या माझ्या मैत्रिणींना सांगितलं की त्या थक्क होतात. रोपं, बेड, मल्चिंग पेपर, ड्रिप, बांबू, तार, सुतळी, बांधणीची मजुरी, करपा आणि नागअळीच्या फवारण्या, खतं, आणि मग तोडणी. लाखाच्या पुढे सहज जातो, आणि हे सगळं फळ दिसायच्या आधी. म्हणून मला "शेतकऱ्याने मार्केट बघून पीक घ्यावं" हा सल्ला ऐकला की राग येतो. तो मार्केट बघूनच पीक घेतो हो! अडचण हीच आहे की त्याला आजचं मार्केट दिसतं आणि त्याचा माल येणार तीन महिन्यांनी. शेजारच्या तालुक्यात किती रोपं गेली, कर्नाटकातल्या कोलारला आणि आंध्रातल्या मदनपल्लीला किती लागवड झालीय, हे त्याला कोण सांगणार?

लगेच दोन प्रश्न येतात, साठवून का ठेवत नाही आणि सॉस का करत नाही. साठवणीचं सांगायचं तर टोमॅटो म्हणजे कांदा नाही. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, घट येते, सडतो, पण राहतो, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये देश तो खातो. (आणि तो राखून ठेवणाऱ्याला दोन पैसे मिळायची वेळ आली की निर्यातीवर बडगा. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये सरळ बंदी, ती मे 2024 मध्ये उठली. त्यावर वेगळी पोस्ट लागेल.) टोमॅटो कोल्ड स्टोरेजमध्ये फार तर दोन-तीन आठवडे निघतो, त्यात मेचा माल जुलैत येत नाही. आणि सॉसचं म्हणाल तर आपल्याकडचा टोमॅटो जाड सालीचा, लांबच्या प्रवासाला टिकणारा, पाणी जास्त, आणि कारखान्याला हवा असतो गराचा, घट्ट, ठरलेल्या भावात रोज येणारा. भाव पडला म्हणून ट्रॉली वळवून कारखान्यात नेली असं होत नाही. प्रक्रिया वाढायलाच हवी, पण त्यासाठी वाण वेगळं, करार वेगळा, सगळं लागवडीच्या आधी ठरवावं लागतं. परत गाडी लागवडीवरच येऊन थांबते.

मधल्या लोकांना शिव्या देणंही फार सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या एका अभ्यासात आलं होतं की टोमॅटोसाठी गिऱ्हाईक जो रुपया देतं त्यातले साधारण 33 पैसेच शेतकऱ्याला मिळतात. हा आकडा वाचून मलाही वाईट वाटलं. पण उरलेले 67 पैसे एकाच माणसाच्या खिशात जातात असं समजू नका, त्यात गाडीभाडं आहे, हमाली आहे, आडत म्हणजे आडत्याचं कमिशन आहे, पावसात तळाचा फुटलेला माल आहे, हातगाडीवाल्या ताईचा दिवस आहे. महाराष्ट्राने 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला म्हणजे बाजार समितीतच विकायची सक्ती काढली, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, ते चांगलंच झालं. तरी 2023 घडलंच ना. कारण त्या वर्षीचा घोळ वाट्याचा कमी आणि वेळेचा जास्त होता.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. रोपं मोजा.

आमच्याकडे आता घरी गादीवाफ्यावर रोप करणारे फार थोडे राहिलेत, बहुतेक सगळे रोपवाटिकेत बुकिंग करतात. बुकिंगच्या वहीत शेतकऱ्याचं नाव असतं, गाव असतं, वाण असतं, किती हजार रोपं आणि कोणत्या तारखेला न्यायची हे सगळं असतं. म्हणजे तीन महिन्यांनंतर बाजारात किती माल येणार याचा बऱ्यापैकी खरा अंदाज त्या वहीत आज लिहिलेला आहे. तो कुणी गोळा करत नाही. साखर कारखाना उसाची नोंद घेतो, कुणाचा किती ऊस, कोणत्या तारखेची लागण, त्यावर तोडणीचा कार्यक्रम लावतो, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. मग टोमॅटोच्या रोपांची नोंद का होऊ नये? ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर आहे, चांगली सोय आहे, पण तिच्यात पीक शेतात उभं राहिल्यावर नोंदवतात, टोमॅटोवाल्याला तोपर्यंत निर्णय बदलायला जागाच उरत नाही. केंद्राने 2020 मध्ये टोमॅटो-कांदा-बटाट्याच्या भावाचा आधीच इशारा देणारं पोर्टल काढलं, पण मी माहेरी एकाही माणसाच्या तोंडून त्याचं नाव ऐकलेलं नाही. आकडा तिथे लागतो जिथे माणूस ॲडव्हान्स द्यायला खिशात हात घालतो, म्हणजे रोपवाटिकेच्या दारात. फळ्यावर एवढंच लिहा की या आठवड्यापर्यंत तालुक्यात इतकी रोपं गेली, गेल्या वर्षी याच आठवड्यात इतकी होती. शेतकरी शहाणा आहे, पुढचं तो बघेल. कुणी काकडी करेल, कुणी फ्लॉवर, कुणी दसऱ्याचा झेंडू.

भाऊ मला म्हणाला, ताई, रोपवाटिकावाले खरा आकडा देणार नाहीत, आणि नुसतं महाराष्ट्रात मोजून काय होतंय, माल तर कर्नाटकातून, आंध्रातून पण येतो. बरोबर आहे त्याचं. पण भाजीपाला रोपवाटिकांना राज्य सरकार अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून अनुदान देतं, अनुदान घेतलंय त्यांनी आकडा द्यायचा एवढी अट घालायला काय हरकत आहे? बाकीचे मागून येतील, कारण भाव पडला की उधारी रोपवाटिकेचीही बुडते. आणि कोलार, मदनपल्ली, तिकडे हिमाचलातलं सोलन हे मोठे पट्टे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, केंद्राने मनावर घेतलं तर तिथलेही आकडे येतील. सगळा देश एकदम मोजायची गरज नाही.

दुसरी गोष्ट तळाची. भाव वर गेला की सरकार गाड्या घेऊन विकायला उतरतं, मग भाव तळाला गेला की तेवढ्याच वेगाने का उतरत नाही? भाव पडला की सरकारने खरेदीला उतरायची बाजार हस्तक्षेप योजना आहे, 2025 च्या सुरुवातीला तिच्यात ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतल्या फरकाची रक्कम शेतकऱ्याला थेट द्यायची सोयही झाली, कागदावर छानच आहे. पण टोमॅटोला दोन आठवडे उशीर म्हणजे सगळं संपलं, प्रस्ताव जाईपर्यंत प्लॉट मोडलेला असतो. मेमध्ये ज्याला तोडणीपुरते पैसे मिळाले असते त्याने फवारणी चालू ठेवली असती आणि जुलैत तुमच्या-माझ्या पिशवीत तो टोमॅटो आला असता. शेतकऱ्याला मेमध्ये दिलेला आधार हा जुलैतल्या गिऱ्हाईकालाच दिलेला असतो, हे शहरातल्या लोकांना पटवून द्यायची मला फार तळमळ आहे.

आपल्या बाजूने म्हणाल तर जुलैत महिनाभर टोमॅटो कमी खाल्ल्याने काही बिघडत नाही. आमटीला आमसूल आहे, चिंच आहे, कढी आहे, त्या दिवसात रानभाज्या येतात, घोसाळी-पडवळ स्वस्त असतं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात माल पडून असतो तेव्हा दोन किलो जास्त घ्या, सार करा, प्युरी करून फ्रीजरला ठेवा, आणि वीस रुपयांच्या दीड किलोसाठी त्या बाईशी घासाघीस करू नका.

उन्हाळी टोमॅटोची रोपं जानेवारी-फेब्रुवारीत बुक होतात. सगळ्या राज्याचा आराखडा, समिती, अहवाल या भानगडीत न पडता जुन्नर, आंबेगाव, दिंडोरी, निफाड एवढे चार तालुके घ्या, सहायक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीचा कृषी सहायक) दर आठवड्याला रोपवाटिकांच्या वह्या बघाव्यात आणि बेरीज नारायणगाव आणि पिंपळगावच्या मार्केटात फळ्यावर लिहावी. पहिल्या वर्षी आकडे कच्चे निघतील, निघू देत. आमच्या आमदारांना आणि तालुका कृषी कार्यालयाला मी हेच पत्राने कळवणार आहे, तुमच्यापैकी त्या भागातले जे कुणी असाल त्यांनीही कळवा, माझा मजकूर जसाच्या तसा वापरलात तरी चालेल.