मासळीच्या पदवीसाठी नागपूरला यावे

आपले गाव समुद्रकाठी असेल, तेथील म्हाताऱ्यांना हातभर सरंग्याची (म्हणजे पापलेटाची) चव अजून आठवत असेल आणि त्या आठवणीला ‘राज्यमासा’ अशी एखादी सरकारी पदवी मिळावी असे आपल्याला वाटत असेल, तर आपण थेट नागपूर गाठावे. मासळीसाठी संत्र्यांच्या गावी कशाला, असे विचारू नये. राज्याच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय २००० सालापासून येथेच आहे आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय मात्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे, यावरून समुद्र आणि कारभार यांचा संबंध आपल्या ध्यानात यावा. निवेदन हिवाळी अधिवेशनात द्यावे. मोर्चा बॅरिकेडपाशी अडेल, परंतु शिष्टमंडळाला आत घेतात.

पदवी मागण्याची घाई मात्र करू नये, कारण मासा मुबलक असताना त्याचा गौरव कोणाला सुचत नाही. पापलेटासाठी नावाजलेल्या सातपाटीचे पाहा: अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधीच पिल्ले जाळ्यात येऊ लागली, मासा घटला, मच्छीमारांनी संरक्षण मागितले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट शेकरू व हरियालाच्या पंगतीत राज्यमासा म्हणून जाऊन बसले. (तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री चंद्रपूरचे होते, हे आम्ही वैदर्भीय अभिमानाने सांगतो.) घोळ ही मासळी मागू नये, तिला त्याच वर्षी गुजरातने मान दिला आहे.

त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवून दिली, तिचा उल्लेख निवेदनात टाळावा. पदवीला शाल, श्रीफळ आणि फलक पुरतो. लांबीच्या नियमाला मात्र पहाटेच्या लिलावात पट्टी घेऊन उभा राहणारा माणूस लागतो, आणि त्याचे कोणी स्वागत करत नाही.

सोबत नमुन्याचा मासा आणण्याचीही गरज नाही, तो येथे मिळतो. मागच्या रविवारी विक्रेत्याने थर्माकोलच्या पेटीतला बर्फ बाजूला सारून कल्ला उघडून दाखवला. मासा तळहातात मावेल एवढा होता. मी मोठा मागितला, तर तो म्हणाला, “भाऊ, आता एवढाच येते.” अर्ध्या किलोत सहा राज्यमासे बसले.