सुंभ जळतो, पीळ राहतो

मोटारीच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलणं हे कागदावर तीन ओळींचं काम आहे. कपलर (वायरच्या टोकाचा जोड) सोडवा, जुना सेन्सर फिरवून काढा, नवा फिरवून बसवा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीबद्दल माझी काही तक्रार नाही. दिवस मावळतो तो मधल्या ओळीत.

हा प्राणी राहतो कुठे ते पाहा. इंजिनातून निघालेला धूर ज्या नळीतून जातो, तिच्या पोटात नाक खुपसून तो वर्षानुवर्षं बसलेला असतो. आतून शेकडो अंशांची धग, बाहेरून रस्त्यावरचं पाणी. गरम, गार, ओलं, पुन्हा गरम. अशाने लोखंडाचे आटे लोखंडात असे काही मुरतात की नट कुठे संपला आणि नळी कुठे सुरू झाली, हे फक्त चित्रातच कळतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण मोटारीच्या आधीची असेल, पण तिचा इतका चोख पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

तरीही माझा पहिला सल्ला हाच की पान्याला हात लावू नका, आधी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा. डॅशबोर्डवर दिवा पेटला की सेन्सरवर संशय घ्यायची आपल्याला फार घाई. वास्तविक तो बिचारा नुसता निरोप्या. पी०४२० हा कोड धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा, पी०१७१ हा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा. सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, नळीला चीर असेल, तर तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर इमानेइतबारे ‘ऑक्सिजन जास्त आहे’ असं कळवतो. त्याबद्दल त्यालाच उपटायचं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. पी०१३५ किंवा पी०१४१ आला, तर दोष सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटचा. तिथेही आधी फ्यूज बघावा. तो बदलायला चिमटा पुरतो आणि पाठीवर झोपावं लागत नाही.

मग प्रश्न येतो, गाडीतल्या सेन्सरांपैकी कोणता? बँक म्हणजे सिलिंडरची रांग, आणि बँक एक म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू. सेन्सर एक कन्व्हर्टरच्या अलीकडे, सेन्सर दोन पलीकडे. सरळ चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा एकच बँक असते, त्यामुळे फार डोकं चालवावं लागत नाही. व्ही आकाराच्या इंजिनात मात्र ‘पहिला सिलिंडर कोणत्या बाजूला?’ याचं उत्तर मॅन्युअलमधूनच घ्यावं. अंदाजाने गेलात तर शक्यता निम्मी-निम्मी, आणि चुकीचा निम्मा भागच जास्त गंजलेला असतो, असा माझा समज आहे.

आता हत्यारं. सेन्सरचा षट्कोन बहुतेक गाड्यांत २२ मिमी, आटे १८ मिमी व्यासाचे, दीड मिमी अंतराचे. २२ चं साधं सॉकेट घातलं की झालं, असं वाटतं. पण सेन्सरच्या डोक्यातूनच वायर निघते आणि तिच्या टोकाला सॉकेटमधून न जाणारा कपलर असतो. म्हणून या कामासाठी खास सॉकेट मिळतं. त्याला एका बाजूने वरपासून खालपर्यंत खाच असते, वायर तिच्यातून बाहेर राहते. युक्ती सुंदर. फक्त जोर लावला की ती खाच आ वासते, सॉकेट फाकतं आणि षट्कोनाचे सहा कोपरे गोल करून हसत बाहेर येतं. ज्या कामासाठी जन्म झाला, नेमक्या त्याच कामात कच खाणारं दुसरं हत्यार मला माहीत नाही.

उपाय क्रूर आहे, पण रामबाण. जुना सेन्सर नाहीतरी टाकूनच द्यायचा आहे ना? मग वायर कापा. पक्कडीचा एक चावा, आणि तुमच्यापुढे एक साधा नट उरतो. आता त्यावर २२ चा रिंग पाना किंवा सहा कोनी खोल सॉकेट पूर्ण बसतं, सगळे कोपरे धरून. मात्र कापण्याआधी नवा सेन्सर हातात हवा. त्याचा कपलर आणि वायरची लांबी जुन्याशी जुळवून बघा. हे न बघता पक्कड चालवणाऱ्याला गाडी जागेवरच ठेवून पायी जावं लागतं.

सॉकेटमागे लांब दांडा हवा. ३० सेमीच्या रॅचेटऐवजी ६० सेमीचा ब्रेकर बार घेतला की तेवढ्याच जोरात दुप्पट पीळ मिळतो. पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजलेल्या आट्यांत शिरणारं तेल, आदल्या रात्री मारा, सकाळी पुन्हा मारा. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि नळी कोमट असताना हात घाला. कोमट म्हणजे कोमट, हातमोजे घालूनच. नट पाव फेरा फिरून करकरला, तर जोर वाढवू नका. थोडा उलटा घट्ट करा, तेल सोडा, पुन्हा सैल करा. असा मागेपुढे झुलवत आणला नाही, तर सेन्सर बाहेर येतो खरा, पण नळीचे आटे सोबत घेऊन. मग नवे आटे पाडायला १८ बाय दीडचा टॅप शोधत बसा. आटे नुसते मळले असतील तर आटे साफ करणारा थ्रेड चेझर फिरवला तरी भागतं. गॅसच्या टॉर्चने शेकायचं असेल, तर सेन्सर नव्हे, त्याच्याभोवतीचा नळीचा गोट शेका, आणि ताज्या तेलाजवळ किंवा पेट्रोलच्या नळीजवळ ज्योत अजिबात नको.

गाडीखाली जायचं असेल, तर स्टँडवर उभी करूनच आणि चाकांना अडसर लावून. एकट्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. चष्मा घाला. गंजाचे पापुद्रे आणि तेलाचे थेंब सरळ खाली येतात. डोळ्यांत तेल घालून काम करणं हे वाक्प्रचारापुरतंच ठीक आहे. आणखी एक गंमत म्हणजे खालून वर बघताना सैल करायची दिशा हमखास उलटी वाटते. वायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट, एवढं तोंडपाठ ठेवा.

नवा सेन्सर म्हणजे घरात आलेलं नाजूक माणूस. आत सिरॅमिक असतं, हातातून पडला तर बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून तडकलेला असतो. आट्यांवर अँटी-सीझ पेस्ट (आटे पुन्हा जखडू न देणारी) बहुधा कारखान्यातूनच लावलेली येते, तशी असेल तर वरून आणखी थापू नका. नसेल तर निकेलची, जास्त तापमानाची पेस्ट थोडीशी, फक्त आट्यांवर. टोकाला लागली तर नाक बंद. सिलिकॉनचं सीलंट आसपासही नको, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरमधूनच ओढतात, म्हणून कपलरमध्ये ग्रीस भरणं किंवा वायर सोल्डर करणं म्हणजे त्यांचा गळाच दाबणं.

आधी बोटांनी काही फेरे फिरवा. सहज गेला तर सरळ लागला, अडला तर काढून पुन्हा सुरुवात. इथे मात्र त्या खाचेच्या सॉकेटचा मान राखावा, कारण आता जोर कमी लागतो. साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमधून. क्रोफूट पाना (दांड्याच्या टोकाला बसणारा उघड्या तोंडाचा पाना) टॉर्क रेंचला, म्हणजे पीळ मोजणाऱ्या दांड्याला, जोडलात, तर तो दांड्याशी काटकोनात धरा. सरळ धरलात तर दांडा लांबतो आणि आकड्यापेक्षा जास्त पीळ बसतो. कपलर शेवटी लावा, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात वायरही पिळली जाते. वायर मूळच्या क्लिपांमध्येच अडकवा. नळीला टेकलेली वायर वितळून पुन्हा दिवा पेटवते.

कोड पुसला की दिवा विझतो. लगेच हुरळून जाऊ नका, स्कॅनरवर तपासण्या ‘अपूर्ण’ दिसत असतात. गार इंजिनापासून थोडं शहरात, थोडं मोकळ्या रस्त्यावर, अशा काही फेऱ्यांनंतर गाडी स्वतःच निकाल लावते. त्या फेऱ्यांना निघण्याआधी हात पुन्हा धुवा. पेस्ट कितीही थोडी लावली तरी ती स्टिअरिंगवर, गिअरच्या मुठीवर आणि कानामागे सापडतेच, आणि आट्यांवर पुरेशी लागली की नाही ते अजूनही कळलेलं नसतं.