आधी सही, मग माहिती?

"फॉर्मॅलिटी आहे हो, करा सही." हे वाक्य पुन्हा कानावर आलं तर मी तिथल्या तिथे कागद फाडणार आहे.

काल आईला शुगरसाठी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेलं. मी केसपेपरच्या रांगेत, तेवढ्यात एका रेसिडेंट डॉक्टरने तिच्यापुढे चार पानी इंग्रजी संमतीपत्र सरकवलं. "आजी, सही येते की अंगठा?" अरे, माझी आई रोज अख्खं वर्तमानपत्र वाचते! मराठीत कागद दिला असता तर तिने चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली असती, शंका विचारल्या असत्या. डॉक्टर सांगतायत म्हणून तिने सही केली, एक जादा नळी रक्त दिलं आणि विचारलं, "बाळा, याचा रिपोर्ट कधी मिळेल?" तर म्हणे, "तो तुमचा नाही आजी, आमच्या थिसिससाठी आहे." सुई टोचून झाल्यावर सांगता हे?

एमडीला थिसिस सक्तीचा असतो, माहीत आहे. ती पोरं ड्युटी करून करून अर्धमेली झालेली असतात. माझा राग "केसेस किती झाल्या?" एवढंच विचारणाऱ्या गाईडवर आहे, आणि संशोधनाच्या प्रस्तावावर शिक्का मारून मोकळ्या होणाऱ्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे रुग्णांचे हक्क जपायला नेमलेल्या समितीवर. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात: कळेल त्या भाषेत माहिती द्या, नकार दिला तरी उपचार तेच मिळतील हे सांगा, प्रत हातात द्या. मी प्रत मागितली, तर झेरॉक्स बंद!

आणि ते पीएचडीचे गूगल फॉर्मवाले! नाव, मोबाइल, जात, उत्पन्न, सगळ्यावर लाल चांदणी, म्हणजे भरणं सक्तीचं. कशाला हवाय माझा नंबर? शाळांमध्ये तर मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतात, मुख्याध्यापक हो म्हणाले की झालं, आईबापांना पत्ताच नाही. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये २००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या बाबतीत हेच झालं. ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये वाभाडे काढले, तरी आपलं चालूच.

सोमवारी कमिटीच्या सचिवांकडे लेखी अर्ज देतोय. आईचा नमुना आणि तिची माहिती अभ्यासातून काढा. हवीच असेल तर मराठी माहितीपत्रक घेऊन या, तिच्याशेजारी बसा, विचारा. द्यायचं की नाही ते ती ठरवेल.