पाळण्याची दोरी, फाशीचा दोर

लेक जन्मायच्या दोन महिने आधी मी बँजो विकत घेतला. 'नाहीतरी रजेवर घरीच असणार, काहीतरी शिकू' हा विचार तान्ह्या बाळाला लांबून पाहिलेला माणूसच करू शकतो.

आम्ही राहतो रॅलेला, नॉर्थ कॅरोलायनात. जुन्या डोंगरी संगीताचं हे माहेरच. त्यामुळे शिकायची ती 'क्लॉहॅमर' पद्धत. बोटाचं नख तारेवर वरून खाली मारायचं आणि मागोमाग अंगठ्यानं आखूड पाचवी तार छेडायची. या ठेक्याला इथे 'बम-डिटी' म्हणतात. एवढंच, पण तासन्‌तास.

अडचण अशी की, बँजो म्हणजे दांडा लावलेला डफ. हळू बोलणं त्याच्या स्वभावातच नाही. बायको म्हणाली, "बाळ रडतंय की तू वाजवतोयस, हे बाथरूममधून कळत नाही." जाणकार आवाज दाबायला मागच्या पोकळीत फडकं कोंबतात. मी दुपटं कोंबलं. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेली आई दोन दिवस दुपटी मोजत होती.

मला नाद लागला तो हॅरी स्मिथनं १९५२मध्ये काढलेल्या अमेरिकन लोकगीतांच्या संग्रहामुळे. १९२६ ते ३३ या काळातली ८४ ध्वनिमुद्रणं, सगळी कढईत मोहरी तडतडावी तशी. भजनं लावली, लेक रडली. प्रेमगीतं लावली, जास्त रडली. शेवटी पहाटे तीनला संग्रहाबाहेरचं, ग्रेसन आणि व्हिटर या जोडीचं १९२९मधलं 'टॉम डूली' लावलं आणि ती चक्क पेंगायला लागली.

"काय म्हणतोय रे तो?" मांडीवर तिला थोपटत आईनं विचारलं.

"प्रेमाचं आहे."

"मग?"

"दोघं डोंगरावर भेटतात."

"बरं. मग?"

"मग तो तिचा जीव घेतो."

आईचा हात थांबला. लेकीनं खाडकन डोळे उघडले. हात घाईघाईनं पुन्हा सुरू झाला, आणि मी ऐकतच राहिलो. बम-डिटी, बम-डिटी. दोन महिने व्हिडिओ बघून मला न जमलेला ठेका, अगदी चोख.

"पकडला का मेल्याला?"

"हो. टॉम डूला त्याचं खरं नाव. १८६८च्या मे महिन्यात फाशी दिली, स्टेट्सव्हिलला. इथून गाडीनं अडीच तास."

आई थोडा वेळ नुसतीच थोपटत राहिली.

"जात्यावर आमची आजी तरी काय वेगळं गायची? सासुरवास, नाहीतर विहीर. आम्ही झोपायचोच की." मग नातीचं टोपडं नीट करत म्हणाली, "हिला सव्वा महिना होऊ दे. मग जाऊन बघून येऊ."