शक्ती, पॉक्सो आणि गोव्याचा विस्मरणात गेलेला कायदा: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बालकावरील अत्याचाराची बातमी आली की मराठी समूहांमध्ये एक ठरावीक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा फिरू लागतो. त्यातील विधाने साधारणपणे अशी असतात: ‘2012 मध्ये पॉक्सो येईपर्यंत आपल्या देशात मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध कायदाच नव्हता. फौजदारी कायदा हा केंद्राचा विषय असल्यामुळे राज्यांना असा कायदा करता येत नाही. गोव्याचा 2003 चा कायदा परदेशी पर्यटकांपुरता होता आणि पॉक्सो आल्यावर तो आपोआप रद्द झाला. महाराष्ट्रात मात्र शक्ती कायदा लागू झाला असून त्याखाली 21 दिवसांत फाशी होते.’

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, कारण त्यामागचा संताप खरा असतो. तथापि दुसरे आणि चौथे विधान एकमेकांना खोटे पाडतात, हे कोणाच्या लक्षात येऊ नये याचे आश्चर्य वाटते. राज्याला कायदाच करता येत नसेल, तर महाराष्ट्राचा शक्ती कायदा लागू झाला कसा?

आधी 2012 पूर्वीच्या काळाकडे पाहू. मुलांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्यांची सविस्तर व्याख्या करणारा आणि संपूर्ण देशाला लागू होणारा स्वतंत्र कायदा, म्हणजेच पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम), 14 नोव्हेंबर 2012 रोजी अमलात आला, इतकेच या विधानात खरे आहे. त्यापूर्वी काहीच नव्हते असे म्हणणे म्हणजे प्रांतांनी आणि राज्यांनी जवळजवळ शतकभर केलेले काम पुसून टाकणे होय. मद्रास, बंगाल आणि मुंबई या प्रांतांनी बालकांविषयीचे कायदे अनुक्रमे 1920, 1922 आणि 1924 मध्ये केले होते. पुढे आलेल्या 1948 च्या मुंबई बालक अधिनियमात, बालकाला कुंटणखान्यात राहू देणे हा स्वतंत्र गुन्हा होता. मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा 1934 मध्ये झाला, कर्नाटकाने 1982 मध्ये मुली देवाला सोडण्याच्या प्रथेवर बंदी घातली आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा केला. मुलगी देवाला ‘सोडली’ जाते ती बहुधा अजाण वयात आणि पुढे तिचे काय होते हे कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा बेळगाव भागातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. त्यामुळे हे कायदे धार्मिक प्रथेविषयीचे दिसत असले तरी ते मुलींच्या लैंगिक शोषणाविरुद्धचेही कायदे आहेत. त्यांची अंमलबजावणी दुबळी होती, ही तक्रार रास्त आहे. परंतु अंमलबजावणी दुबळी असणे आणि कायदाच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केंद्रीय कायद्यातील खरी उणीव निराळीच होती आणि संदेश तिच्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. भारतीय दंड संहितेतील बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आणि संकुचित होती. मुलगा बळी ठरला, तर अभियोग पक्षाला मुख्यतः ‘अनैसर्गिक’ संभोगाविषयीच्या कलम 377 चा आधार घ्यावा लागे, जे बालकांचा विचार करून लिहिलेलेच नव्हते. ही व्याख्या व्यापक करावी अशी विनंती ‘साक्षी’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला केली होती. मे 2004 च्या निकालात न्यायालयाने व्याख्या बदलण्यास नकार दिला आणि ते काम संसदेवर सोपवले. बालकाला साक्ष देताना आरोपी दिसू नये यासाठी पडदा असावा, उलटतपासणीतील प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे द्यावेत, साक्षीत मुलाला विश्रांती मिळावी, असे मोलाचे निर्देश मात्र त्या निकालात होते. संसदेने हे काम पूर्ण करायला पुढची आठ वर्षे घेतली. गोव्याच्या विधानसभेने ते या निकालाच्या आदल्याच वर्षी केले होते.

येथे तिसऱ्या विधानाकडे वळले पाहिजे. त्यावर थोडे थांबावे लागेल, कारण गोवा बालक अधिनियम, 2003 बद्दल महाराष्ट्रात सर्वाधिक अज्ञान आहे. 1991 मध्ये मडगाव येथे फ्रेडी पीट्स या इसमाला अटक झाली. तो मुलांसाठी आश्रयगृह चालवत असे आणि गावात परोपकारी गृहस्थ म्हणून वावरत असे. त्याच्या ताब्यातून मुलांची छायाचित्रे आणि निगेटिव्ह मोठ्या संख्येने जप्त झाली. मार्च 1996 मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. परदेशी गिऱ्हाइके या प्रकरणात होती, हे खरे आहे. पण ज्याच्याभोवती हे सारे चालले तो गोव्यात राहणारा, मुलांना जेवू घालणारा आणि शेजाऱ्यांना ओळखीचा असलेला माणूस होता. गोव्याचा कायदा केवळ विमानाने येणाऱ्या पाहुण्यांसाठी लिहिला असता, तर त्यातून असे पीट्स अलगद सुटले असते. कायद्याने राष्ट्रीयत्वाचा प्रश्नच उपस्थित केला नाही. गुन्हेगार गोमंतकीय असो, मुंबईकर असो वा परदेशी, कलम तेच.

त्या कायद्याची भाषा आजही वाचण्याजोगी आहे. गंभीर लैंगिक अत्याचार, लैंगिक अत्याचार आणि कुटुंबातील अत्याचार यांच्या वेगवेगळ्या व्याख्या त्याने केल्या. बालकाची अश्लील छायाचित्रे काढणे, बालकाला अश्लील चित्रे दाखवणे आणि अत्याचाराची धमकी देणे हेही गुन्हे ठरवले. मुलगा आणि मुलगी असा भेद या व्याख्यांनी केला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शिक्षा वाढवून हात झटकण्याऐवजी त्याने तिऱ्हाइतांवर कर्तव्ये लादली. निवासाची सोय करणाऱ्या हॉटेलात, कुटुंबासोबत किंवा रक्ताच्या नातेवाइकासोबत त्या खोलीत नोंद झाल्याखेरीज कोणत्याही बालकाला खोलीत प्रवेश देता येत नाही आणि त्याची जबाबदारी मालक व व्यवस्थापक यांच्यावर असते. हॉटेलातून मूल लगतच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले, तर तेथील त्याच्या सुरक्षिततेचा भारही त्यांच्यावरच येतो. विमानतळ, सीमा आणि रेल्वे येथील यंत्रणांना संशयास्पद प्रवासाची खबर देणे बंधनकारक केले. फिल्म धुणाऱ्या व्यावसायिकाला छायाचित्रांत बालकाचे लैंगिक चित्रण आढळले, तर त्याने नजीकच्या पोलीस ठाण्याला कळवलेच पाहिजे, असेही कायदा सांगतो. आज फिल्म धुणारी दुकाने शोधावी लागतील आणि तरतूद जुनाट वाटेल, पण मडगावच्या प्रकरणात सापडलेल्या निगेटिव्ह आठवल्या, तर विधिमंडळासमोर कोणते चित्र असावे हे ओळखणे कठीण नाही.

सीमेच्या अलीकडे काय घडत होते? मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ आश्रयगृहांतील मुलांच्या शोषणाचे प्रकरण 2001 मध्ये पुढे आले. येथेही बळी मुलगेच होते आणि येथेही दानशूरपणाचा मुखवटा होता. महाराष्ट्रात गोव्यासारखा कायदा नसल्याने मुख्य भिस्त दंड संहितेच्या जुन्या कलमांवर राहिली. सत्र न्यायालयाने 2006 मध्ये दोन ब्रिटिश नागरिकांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने 2008 मध्ये त्यांची सुटका केली आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 मध्ये दोषसिद्धी पुन्हा कायम केली. शिक्षा सहा वर्षांची होती. दोन्ही राज्यांतील वास्तव सारखेच होते, पण एका राज्याने आपल्या अनुभवातून कायदा घडवला आणि दुसरे केंद्राची वाट पाहत राहिले. ‘राज्यांचे कायदे म्हणजे कागदी घोडे’ असे म्हणणाऱ्यांनी ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत.

गोव्याच्या कायद्यात दोष नाहीत, असे मात्र नाही. त्याने बालकांसाठी स्वतंत्र न्यायालय निर्माण केले, परंतु अनेक वर्षे ते पणजीत एकच होते. काणकोणच्या मुलाला साक्षीसाठी राज्याचे दुसरे टोक गाठावे लागणे, ही मूळ हेतूशी विसंगत गोष्ट होती. ‘बालकाशी दुर्व्यवहार’ या संज्ञेची व्याख्याही फार ऐसपैस आहे. भांडणाच्या ओघात मुलाला दप्तराने मारल्याच्या एका प्रकरणात, अशी प्रत्येक किरकोळ घटना या व्याख्येत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला 2025 मध्ये स्पष्ट करावे लागले.

‘आपोआप रद्द झाला’ या दाव्याचे उत्तर याच निकालात दडलेले आहे. रद्द झालेल्या कायद्याच्या व्याख्येचा अर्थ लावत न्यायालये 2025 मध्ये बसत नाहीत. शिवाय पॉक्सोमध्येच 2013 च्या दुरुस्तीने आलेले कलम 42-अ आहे. हा कायदा इतर प्रचलित कायद्यांना पूरक असून त्यांना बाधा आणणारा नाही आणि विसंगती असेल तेथे, विसंगतीपुरताच, पॉक्सो वरचढ ठरेल, असे ते सांगते. हॉटेलच्या खोलीबाबतचे कर्तव्य पॉक्सोत नाही, मग त्याच्याशी विसंगती कशी येणार? न्यायालयांच्या बाबतीतही पॉक्सोने राज्यांची व्यवस्था मोडीत काढलेली नाही. अशाच प्रयोजनासाठी दुसऱ्या कायद्याखाली विशेष न्यायालय आधीच नेमलेले असेल, तर ते पॉक्सोचेही विशेष न्यायालय मानले जाईल, अशी सोय कलम 28 मध्ये आहे.

राज्यांना अधिकार नसल्याचे विधान फार वेळ घेण्यासारखे नाही. फौजदारी कायदा संविधानाच्या समवर्ती सूचीतील पहिलीच नोंद आहे, म्हणून संसद आणि विधिमंडळ या दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. मात्र राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यावरच तो त्या राज्यात टिकतो. अनुच्छेद 254 मधील ही अट ध्यानात ठेवली, की शक्तीचे काय झाले ते सहज कळते.

महाराष्ट्राने डिसेंबर 2020 मध्ये महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षा सुचवणारे शक्ती विधेयक मांडले, ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर 2021 मध्ये मंजूर झाले. दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पॉक्सो या तिन्ही केंद्रीय कायद्यांत ते फेरफार करत असल्याने अनुमती अपरिहार्य होती आणि ती मिळाली नाही. म्हणजे शक्ती हा कायदा कधीच झाला नाही, ते विधेयकच राहिले. पुढे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या दंड संहितेत दुरुस्ती करायची होती तीच इतिहासजमा झाली. आंध्र प्रदेशाने डिसेंबर 2019 मध्ये मंजूर केलेल्या दिशा विधेयकाचीही अशीच गत झाली. संदेशातला ‘21 दिवस’ हा आकडा मुळात त्या दिशा विधेयकाचा आहे: सात दिवसांत तपास आणि चौदा दिवसांत खटला. कोणीतरी आंध्रचा आकडा महाराष्ट्राच्या नावाला चिकटवला आणि तो तसाच फिरत राहिला. त्यातही 21 दिवसांत निकाल लागणे आणि 21 दिवसांत फाशी होणे यांत महदंतर आहे, कारण सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात आणता येत नाही. आज महाराष्ट्रातील अशा खटल्याला लागू होते ती पॉक्सोची कालमर्यादा: न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून 30 दिवसांत बालकाची साक्ष आणि शक्य तोवर एका वर्षात निकाल.

फाशीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक बाब नोंदवतो. मध्य प्रदेशाच्या विधानसभेने डिसेंबर 2017 मध्ये आणि राजस्थान व हरियाणा यांनी मार्च 2018 मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरील बलात्कारासाठी मृत्युदंडाची तरतूद करणारी विधेयके मंजूर केली. त्याच वर्षी केंद्रानेही दंड संहितेत तशी दुरुस्ती केली. या साऱ्या धडाक्यात मुलगे कोठेच नव्हते. पॉक्सोच्या 2019 च्या दुरुस्तीने ही कमाल शिक्षा मुलगा-मुलगी भेद न करता लागू झाली. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 13 राज्यांतील पाहणीत, 12,447 बालकांपैकी 53.22 टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक होते. आकडे हाती असताना विधिमंडळांनी निम्मी मुले वगळून कठोरपणा दाखवावा, हे मला तरी समर्थनीय वाटत नाही. 2003 च्या गोव्याच्या व्याख्या याबाबतीत अधिक शहाण्या होत्या.

या संदेशाच्या काही आवृत्त्यांना एक शेपूट असते: ‘तक्रार करायची की नाही हे पालकांनी ठरवावे, बाहेरच्याने पडू नये.’ पॉक्सोचे कलम 19 नेमके उलट सांगते. असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळते, त्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, आत्या, मामा यांपैकी कोणीही त्यातून सुटत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवला, तर कैद एक वर्षापर्यंत जाते. स्वतः बालक असलेल्याला मात्र न कळवल्याबद्दल शिक्षा नाही. बाल मदत क्रमांक 1098 त्यासाठीच आहे.

अशा मजकुरासोबत पुष्कळदा पीडित बालकाचे छायाचित्र, शाळेचे नाव किंवा घराचा पत्ता जोडलेला असतो. बालकाची ओळख पटेल असा कोणताही तपशील कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास पॉक्सोचे कलम 23 मनाई करते. विशेष न्यायालयाने बालकाच्या हितासाठी परवानगी दिली, तरच त्याला अपवाद होतो. त्यासाठीची शिक्षा किमान सहा महिने आणि कमाल एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी आहे.