1 किमी धावलं की 100 कॅलरी? तो मेसेज पुढे पाठवणं थांबवा

"धावा आणि 10 दिवसांत 5 किलो घटवा" असा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की 1 किमी धावलं की कुणाच्याही 100 कॅलरी जळतात, जितका घाम जास्त तितकी चरबी वितळते म्हणून प्लास्टिकचा सूट नाहीतर रेनकोट घालून पळा, मध्ये पाणी पिऊ नका, नंतर 24 तास चरबी जळतच राहते, आणि घड्याळ दाखवतं तेवढ्या कॅलरी बिनधास्त खा. इतके दिवस वाचून सोडून देत होते, पण आता आमचे काका, वय 61, बीपीची गोळी चालू, भर एप्रिलमध्ये टीशर्टच्या आत रेनकोट घालून ग्राउंडवर पळायला लागलेत, म्हणून लिहितेय.

आधी ते 100. सपाट रस्त्यावर धावताना किती कॅलरी जातात हे मुख्यतः तुमचं वजन आणि अंतर यावर ठरतं. दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण 1 कॅलरी. म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या 1 किमीला 60 च्या आसपास, 80 किलोच्या माणसाच्या 80. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मार्गारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्येच हे मोजून मांडलंय, आणि वेग वाढवला तरी किलोमीटरमागचा आकडा फारसा हलत नाही हेही. 100 चा ढोबळ आकडा अमेरिकेत मैलासाठी सांगतात, आणि मैल म्हणजे 1.6 किमी! बहुतेक कुणीतरी मैल खोडून किमी केलंय.

आता 10 दिवसांत 5 किलो. 1 किलो चरबी म्हणजे जवळपास 7,700 कॅलरी, 5 किलोच्या झाल्या 38,500. काका 60 किलोचे, म्हणजे त्यांना फक्त धावून हे करायचं तर 640 किमी, रोज 64 किमी, दहा दिवस. हे लिहिणाऱ्याने एकदा तरी गुणाकार करून बघितला होता का?

पण आकडा चुकला तर निदान जीव जात नाही, रेनकोटने जाऊ शकतो. घाम म्हणजे पाणी आणि थोडं मीठ, त्यात चरबी नसते. अंग तापलं की घाम येतो आणि तो वाळताना उष्णता घेऊन जातो, तेच त्याचं काम आहे. प्लास्टिकच्या आत तो वाळतच नाही, मग आतलं तापमान चढत राहतं, शरीर अजून घाम काढतं, रक्तातलं पाणी कमी होतं आणि हृदयावर ताण येतो. त्यात पाणी पिऊ नका म्हणे! 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीपटू असंच वजन उतरवताना गेले, गरम जागेत, हवा न जाणारे सूट घालून, पाणी तोडून व्यायाम करताना. धडधाकट तरुण पोरं होती ती. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत या सूटवर बंदीच आली. आणि बीपीच्या काही गोळ्या तर लघवीवाटे पाणी आधीच कमी करतात, अशा माणसाला कुणी हे सुचवतं? पळून आल्यावर काट्यावर जो अर्धा-एक किलो कमी दिसतो तो जवळजवळ सगळा पाण्याचा असतो, आणि ते पाणी परत प्यायचंच असतं.

24 तासांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य. जोरात धावल्यावर काही वेळ शरीर जास्त ऑक्सिजन घेतं, थोड्या जादा कॅलरी जातात. पण धावतानाच्या खर्चापुढे त्या किरकोळ आहेत, त्यावर जेवणाचं गणित बसवू नका.

राहिलं घड्याळ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये सात घड्याळं-बँड 60 लोकांच्या मनगटावर बांधून तपासले. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरीत सगळ्यात बरं निघालं तेही सरासरी 27 टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट 93 टक्के. वजन चुकीचं भरलेलं असेल तर विचारूच नका. काकांच्या घड्याळात 75 किलो होतं, ते मी काल 60 केलं.